एकमताने, सर्वानुमते की बिनविरोध? प्रोसिडिंगमध्ये कुठं काय लिहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गल्लीतल्या मंडळाचं सेक्रेटरीपद यंदा नव्यानं गळ्यात पडलंय, आधीच्यांनी वहीत प्रत्येक ठरावाखाली डोळे झाकून 'सर्वानुमते मंजूर' लिहून ठेवलंय, बँकेला खात्यावरच्या सह्या बदलायला ठरावाची कन्नड प्रत पाहिजे, आणि आता एक सभासद म्हणतोय की मी त्या मिटिंगला विरोध केलेला, मग 'सर्वानुमते' कसं काय? तर 'एकमत' म्हणजे नक्की काय, 'सर्वानुमते' आणि 'बिनविरोध' हे त्याचेच दुसरे अवतार की वेगळे, आणि कन्नडात काय लिहायचं.

मी बेळगावात सोसायट्या, मंडळं, देवस्थान कमिट्या यांची प्रोसिडिंगं, म्हणजे सभेची इतिवृत्तं, लिहायचं आणि मराठीचं कन्नड, कन्नडचं मराठी करून द्यायचं काम करत आलोय, त्यामुळं डिक्शनरीतला अर्थ सांगत बसत नाही, वहीच्या बाजूनं सांगतो. जरा लांबेल, खरं वाचा, कारण भांडणं नेमकी या शब्दावरनंच होतात.

एकमतानं ठरलं म्हणजे ज्यांनी मत दिलं त्यातलं एकसुद्धा मत विरोधात पडलं नाही. एवढंच. सगळे खुश होते, सगळ्यांना मनापासनं पटलं, असं त्यात काही नसतंय. आणि एक जरी विरोधात गेला, मग तो कितीही भांडकुदळ असू दे, कितीही उशिरा आलेला असू दे, तो मतदानाचा हक्क असलेला सभासद असेल तर एकमत संपलं. तिथून पुढं ते बहुमत. 'जवळपास एकमताने', 'बहुतांशी एकमताने' असलं काहीतरी लोक लिहितात ते वाचून हसू येतंय, एकमत जवळपास नसतंय, असतंय नायतर नसतंय. तसंच 'पूर्ण एकमताने' हेपण उगीच, अर्धं एकमत कुणी बघितलंय का?

आता लिहिण्यातली एक गोष्ट, जी मी कितीतरी वह्यांत बघतो. मराठीत 'मत' म्हणजे विचारपण आणि व्होटपण. त्यामुळं 'एकमताने' जोडून लिहिलं तर अर्थ एक, आणि तोडून 'एक मताने' लिहिलं की वाचणारा थांबतो, की बाबा एका व्होटानं का? एका व्होटाच्या फरकानं असेल तर 'एका मताने' लिहायचं, 'एक'चं 'एका' होतंय तिथं. वाजपेयींचं सरकार १७ एप्रिल १९९९ ला लोकसभेत २६९ विरुद्ध २७० असं पडलं, ते एका मताने पडलं. आता तिथं 'सरकार एकमताने पडलं' लिहून बघा, म्हणजे वाजपेयींनी स्वतःपण स्वतःच्या विरोधात व्होट टाकलं असा अर्थ निघाला की. टाइप करताना एक स्पेस जास्त पडली किंवा एक काना राहिला तर निकालच बदलतो, म्हणून टाइप करणाऱ्याला हे आधी सांगून ठेवायचं, आणि सहीच्या आधी एकदा स्वतः वाचायचं.

'सर्वानुमते' हा शब्द सर्व आणि अनुमत मिळून झालाय, आणि शेवटचा 'ए' म्हणजेच 'ने'. 'यांच्या शुभहस्ते' म्हणतो ना आपण पत्रिकेत, तसलाच जुना 'ए'. त्यामुळं 'सर्वानुमतेने' हे जे बोर्डावर, पत्रकावर, चांगल्या चांगल्या संस्थांच्या अहवालात छापलेलं असतंय ते चुकीचं, त्यात 'ने' दोनदा आलं. 'सर्वानुमते' लिहा किंवा 'एकमताने' लिहा. दोघांत प्रोसिडिंगपुरता फरक करू नका, ठरावाच्या कामात दोन्ही एकच धरतात. बोलण्यात थोडा फरक जाणवतो एवढं खरं, म्हणजे 'आमचं एकमत झालं' दोघांतपण होऊ शकतं, नवराबायकोतपण कधीमधी होतंय, 'सर्वानुमते' म्हटलं की सभा डोळ्यासमोर येते, सतरंजी, माइक, अध्यक्ष, सगळं.

खरी गोची तटस्थ माणसाची. विरोधात हात वर केला नाही आणि बाजूनंपण केला नाही, नुसता बसून राहिला. हे एकमत का? इथं एक उदाहरण मी सगळ्यांना देतो कारण ते सोपं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत १५ मतं असतात. नोव्हेंबर २००२ मध्ये इराकचा १४४१ नंबरचा ठराव १५ विरुद्ध शून्य असा गेला, तो एकमताने. मार्च २०११ मध्ये लिबियाचा १९७३ नंबरचा ठराव आला तेव्हा १० बाजूनं, विरोधात कुणी नाही, आणि ५ तटस्थ, त्यात आपला भारतपण होता, रशिया, चीन, जर्मनी, ब्राझील होते. तो ठराव मंजूर झाला, विरोधात एकही मत नव्हतं, तरी त्याला कुणी एकमताने म्हणत नाही. कारण पाच जण गप्प बसले ते उगीच नव्हते बसले, त्यांना 'आमचं नाव यात धरू नका' हे सांगायचं होतं.

आता माझ्या वर दिलेल्या व्याख्येवर बोट ठेवून तुम्ही म्हणाल की तटस्थांनी मत दिलंच नाही, मग दिलेल्यांत तर विरोध नाही, म्हणजे एकमत झालं की. बरोबर आहे, काटेकोर बघितलं तर सभेच्या नियमांत तसं धरणारेपण आहेत. खरं गल्लीतल्या वहीत मी तसं लिहीत नाही. कुणी उठून 'मी तटस्थ' म्हणाला असेल तर वहीत 'सभेत कोणीही विरोध न केल्याने ठराव मंजूर, श्री. अमुक तटस्थ' असं लिहितो आणि 'सर्वानुमते' हा शब्दच टाळतो. दोन ओळी जास्त लागतात, खरं पुढची दोन वर्षं कुणी भांडायला येत नाही.

तुमच्या केसमध्ये तो सभासद म्हणतो त्यानं विरोध केलेला. तर आधी हे बघा की केला म्हणजे काय केला. मिटिंग संपल्यावर बाहेर चहा पिताना 'मला नाही बाबा पटलं' म्हणणं हा विरोध नव्हे. मतदानाच्या वेळी हात वर केला, उठून बोलला, किंवा तिथंच लेखी दिलं, तर तो विरोध, आणि मग 'सर्वानुमते' खोटं ठरतं. आता झालेली वही खोडायची नाही, पांढरी शाई तर लावायचीच नाही. पुढच्या मिटिंगला मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचा विषय असतोच की, तिथं दुरुस्ती मांडा: 'मागील सभेतील ठराव क्र. ३ मध्ये सर्वानुमते ऐवजी बहुमताने असे वाचावे, श्री. अमुक यांचा विरोध नोंदवण्यात येत आहे.' ठराव रद्द होत नाही, तो बहुमतानं मंजूरच राहतो (तुमच्या नियमावलीत त्या विषयाला जास्तीचं बहुमत मागितलेलं नसेल तर), फक्त नोंद खरी होते. बँकेला प्रत ही दुरुस्ती झाल्यावरच द्या.

लोकांना 'बहुमताने' लिहायला कमीपणा का वाटतो हे मला कळलेलं नाही. मंडळात फूट आहे असं दिसतं म्हणे. अरे, केशवानंद भारती खटल्याचा निकाल १९७३ साली सुप्रीम कोर्टात ७ विरुद्ध ६ असा लागला, तेरा न्यायाधीशांत एकाचा फरक, आणि घटनेची मूळ चौकट संसदेला मोडता येत नाही हे तत्त्व आजपण त्यावरच उभं आहे. तिथं सात विरुद्ध सहा चालतं, आणि आपल्याला गणपतीच्या मांडवाचं काँट्रॅक्ट कुणाला द्यायचं यात एकोणीस विरुद्ध दोन चालत नाही!

आता बिनविरोध. हा शब्द निवडणुकीचा. अध्यक्षपदाला एकच अर्ज आला, किंवा बाकीच्यांनी मागं घेतले, तर मतदान होतच नाही. मतदानच झालं नाही तर 'एकमताने निवड' कुठली? मत कुणी दिलंच नाही ना. तिथं 'बिनविरोध निवड' हेच बरोबर, कन्नड पेपरात 'अविरोध आयके' असतंय तेच. ग्रामपंचायतीच्या बातमीत मराठी पेपरवाले 'एकमताने बिनविरोध' असा डबल बार काढतात कधीकधी, ते सोडून द्या. खरं उलटं पण लक्षात ठेवा, ठरावाला 'बिनविरोध मंजूर' म्हटलं तर चालतं, कारण ठरावावर विरोध विचारलेला असतो आणि कुणी केलेला नसतो. वर तटस्थवाल्या केसमध्ये हाच शब्द कामाला येतो बघा.

मग 'सर्वानुमते' मधले 'सर्व' कोण? हे कुणी विचारत नाही आणि सगळा घोळ इथंच आहे. आपल्या बेळगावकरांना याचं उदाहरण बाहेर शोधायला नको. २२ डिसेंबर २०२२ ला इथं हलग्याजवळच्या सुवर्ण विधान सौधमध्ये कर्नाटक विधानसभेनं सीमाप्रश्नावर ठराव केला, सर्वानुमते. पाच दिवसांनी, २७ डिसेंबरला, नागपूरच्या अधिवेशनात महाराष्ट्र विधिमंडळानं ठराव केला की ८६५ गावं महाराष्ट्रात घ्यायची, तोपण एकमताने. दोन्ही ठराव एकमेकांच्या बरोबर उलटे, आणि दोन्हीकडं 'एकमताने' हा शब्द शंभर टक्के खरा. कारण एकमत त्या सभागृहापुरतं असतं, हजर आणि मत देणाऱ्यांपुरतं. सीमाप्रश्नाबद्दल माझं काय मत ते इथं विचारू नका, ती केस २००४ पासनं सुप्रीम कोर्टात आहे, मी फक्त शब्दापुरतं बोलतोय.

म्हणून वहीत ठरावाच्या आधी हजेरी पाहिजे. 'एकूण सभासद १४०, हजर ५२, कोरम पूर्ण' असं वर असलं तरच खालच्या 'सर्वानुमते'ला किंमत, मग त्याचा अर्थ बावन्न जणांचं एकमत. हजेरीच नसेल तर तो शब्द हवेत. आणि ज्याचा विषय आहे तो माणूस खोलीत होता का हेपण लिहायचं. सोसायटीत एखाद्या डायरेक्टरच्या भावाच्या कर्जाचा विषय निघाला की शहाणा डायरेक्टर उठून बाहेर जातो, तेव्हा 'श्री. अमुक या विषयाच्या वेळी सभागृहाबाहेर होते, उर्वरित सदस्यांनी एकमताने' असं लिहायचं. ऑडिटर हे वाक्य शोधतच असतो.

वार्षिक सभेचं चित्र तर सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबरचा महिना, कार्यालयात पंखे घरघरतायत, मागं जेवणाचा वास सुटलाय, स्टेजवरनं सेक्रेटरी वाचतोय 'विषय क्रमांक चार, नफा वाटणी, मंजूर?' आणि पुढच्या दोन रांगा 'मंजूर! मंजूर!' त्यातले निम्मे स्टाफचेच. मागच्या रांगेत डिव्हिडंड यंदा किती यावर वेगळीच मिटिंग चाललेली, एक आजोबा हात वर करून उभे, माइक त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत विषय क्रमांक सहा आलेला असतो. संध्याकाळी वहीत सहाच्या सहा विषय सर्वानुमते. त्या आजोबांना काय विचारायचं होतं? कदाचित शौचालय कुठं आहे हे विचारायचं असेल, कदाचित बुडीत कर्जाचं. कुणालाच माहीत नाही. मी सेक्रेटरी लोकांना सांगतो की 'मंजूर?' विचारलंत तर लगेच 'कुणाचा विरोध आहे का?' हे दुसरं वाक्यपण म्हणा आणि मनात पाच मोजा. बास. मग लिहा सर्वानुमते, छातीठोक लिहा. मौन म्हणजे संमती असं म्हणतात ते ठीक आहे, खरं त्याला आधी विचारायला तर पाहिजे.

अजून एक. एकमत निर्णयावर असतं, कारणांवर नसतं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला दिला, एकमताने, आणि निकालपत्रं मात्र सहा वेगवेगळी लिहिली. निष्कर्ष एक, तिथं पोचायच्या वाटा सहा. आपण काय करतो, ठरावात कारणं घुसडतो. 'जुन्या काँट्रॅक्टरचं काम निकृष्ट असल्याने नवीन काँट्रॅक्टर नेमण्याचे सर्वानुमते ठरले.' झालं, आता जुन्या काँट्रॅक्टरनं नोटीस पाठवली तर सगळ्या बावन्न जणांनी त्याला निकृष्ट म्हटलं असं रेकॉर्डवर आलं, आणि त्यातल्या चाळीस जणांनी तर फक्त रेट कमी म्हणून हात वर केलेला. ठराव सुटसुटीत ठेवा. मी लिहून देतो तो असा असतो:

'ठराव क्र. ५. मंडळाच्या बचत खात्यावर यापुढे अध्यक्ष, सेक्रेटरी व खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या चालतील. सूचक श्री. अमुक, अनुमोदक श्री. तमुक. ठराव एकमताने मंजूर.'

आता कन्नड प्रत, जिथं आपल्याकडची माणसं हमखास अडकतात कारण शब्द सारखे दिसतात. 'सर्वानुमते'ला कन्नडात 'सर्वानुमतदिंद', हे सरळ आहे, अधिकारी लगेच ओळखतो. 'बहुमताने'ला 'बहुमतदिंद'. 'एकमत'ला शब्दाला शब्द बघायला गेलं तर 'ओम्मत' आहे, खरं तो पेपरात जास्त करून सहमतीच्या अर्थानं येतो, 'ओम्मतद अभ्यर्थी' म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलेला उमेदवार, मतदान झालेलं असेलच असं नाही. म्हणून ठरावाच्या प्रतीत मी 'सर्वानुमत'च वापरतो. 'ठराव' हा शब्द आपल्या भागातल्या कन्नडात 'ठरावु' म्हणून मस्त चालतो, बेंगळुरूकडचा माणूस 'निर्णय' किंवा 'गोत्तुवळी' म्हणेल. प्रोसिडिंगला 'नडावळी'.

जपायचं ते 'अनुमोदन'ला. आपल्याकडं सूचकानं मांडलं, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं, म्हणजे फक्त पाठिंबा, ठराव अजून पास व्हायचाय. कन्नडात 'अनुमोदने' म्हटलं की सरकारी माणसाच्या डोक्यात मंजुरी येते, मंत्रिमंडळाची अनुमोदने, डीसींची म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची अनुमोदने. तुम्ही मराठीवरनं उचलून 'श्री. तमुक यांनी अनुमोदने दिली' असं कन्नडात टाकलं तर वाचणाऱ्याला वाटतं की या तमुकांनी एकट्यानंच मंजूर करून टाकलं. त्यामुळं 'सूचकरु', 'अनुमोदकरु' अशी दोन नावं वेगळ्या ओळीत लिहायची आणि मंजुरीचं वाक्य स्वतंत्र. तसंच 'भिन्नमत'. मराठीत एखाद्यानं वेगळं मत नोंदवलं की आपण भिन्नमत म्हणू, कन्नड वाचकाला 'भिन्नमतीयरु' म्हणजे पक्षातले बंडखोर आठवतात. एका साध्या सभासदाला बंडखोर करू नका, 'भिन्नाभिप्राय' लिहा किंवा सरळ 'विरोध' लिहा, तो शब्द दोन्हीकडं एकच.

बोलण्यातल्या वापराचं थोडक्यात. 'यात दुमत नाही' हे वादात वापरायचं, ठरावात नाही, कारण ते बोलणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं असतं, मतं कुणी मोजलेली नसतात. 'एकवाक्यता' ही माणसांपेक्षा बोलण्यात, जबाबात, कागदात असते; दोन साक्षीदारांच्या जबाबात एकवाक्यता नाही असं म्हणतात, एकमत नाही असं नाही म्हणत. 'सहमती'त थोडी देवाणघेवाण असते, माझं तसं नव्हतं खरं चला, असं. 'एकमत झालं नाही' याचा अर्थ सगळ्यांनी विरोध केला असा कुणीकुणी घेतो, तसं नसतंय, एक जण अडला तरी एकमत झालं नाहीच म्हणायचं.

आणि जिथं सगळेच प्रत्येक वेळी हो म्हणतात तिथला मामला वेगळा. मराठीत आपण होयबा म्हणतो, कन्नडात एक जबरी म्हण आहे, 'हौदप्पन चावडीयल्ली अल्लप्पनन्नु केळुवरारु', म्हणजे होयबांच्या चावडीत नाहीबाला विचारतो कोण. अध्यक्षांच्या घरी बसून, अध्यक्षांचा चहा पिऊन केलेले ठराव असेच असतात. पाचामुखी परमेश्वर खरा, खरं पाचही तोंडं एकाच घरची नसावीत. वही बघणारा ऑडिटर जुना असेल तर वर्षभराच्या सगळ्या ठरावांखाली 'सर्वानुमते' दिसलं की तो उलट जास्त बारकाईनं बघायला लागतो, हे मी प्रत्यक्ष बघितलंय.

शेवटी तुम्ही व्हॉट्सॲपचं विचारलंय, की ग्रुपवर मेसेज टाकला, चौतीसपैकी अकरा जणांनी अंगठा दाखवला, दोघांनी हात जोडले, एकानं गुड मॉर्निंगचं फुलाचं चित्र टाकलं, हे सर्वानुमते धरायचं का. नाही. तुमच्या नियमावलीत मेसेजवर ठराव करायची सोय लिहिलेली नसेल तर ती नुसती चर्चा. मेसेजनं लोकांचा कल बघा, तारीख ठरवा, मिटिंगची नोटीस काढा, अजेंड्यात विषय घ्या, आणि मिटिंगमध्ये रीतसर ठराव करून हजेरीवर सह्या घ्या. घाई असेल तर मागच्या तारखेला कार्यवाही झाली आणि आज ती 'कार्योत्तर मंजुरी' म्हणून घेतोय असं स्पष्ट लिहा, कन्नडात त्याला 'घटनोत्तर अनुमोदने' म्हणतात, आणि तिथं मात्र तो 'अनुमोदने' शब्द अगदी बरोबर बसतो.